विंचेस्टरचें ग्रंथभांडार

एखाद्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयाचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा दात्यांच्या यादीनें आरंभ करतो. अमक्या बिशपनें अमक्या सालीं इतके ग्रंथ दिले, तमक्या सरदारानें मृत्युपत्रांत आपला सारा संग्रह ठेविला, पुढें नवी इमारत झाली, मग सूचि छापली गेली. आणि शेवटच्या प्रकरणांत संग्रहांतील रत्नें एकामागून एक वाचकांस दाखविलीं कीं ग्रंथ समाप्त. इंग्लंडांतील जुन्या निवासी शाळांच्या ग्रंथालयांविषयीं जें लेखन आमच्या पाहण्यांत आलें त्यांतील बरेंचसें याच सांच्यांतून निघालेलें आहे. त्यांत माहिती असते, परिश्रम असतात, क्वचित् भाषेचें सौष्ठवही असतें. नसतो तो वाचक. ग्रंथ कोणीं उघडला, केव्हां उघडला, आणि ज्या मुलांच्या नांवानें शाळा चालली त्यांपैकीं कोणास तो हातांत घेतां आला, हे प्रश्न अशा इतिहासांत फारसे उपस्थितच होत नाहींत. आमच्या मतें ग्रंथालयाच्या इतिहासाचा आरंभ या प्रश्नांपासून व्हावयास पाहिजे. परंतु मत नुसतें मांडून भागत नाहीं. म्हणून ज्या एका शाळेच्या ग्रंथभांडारांत इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासास कलाटणी देणारी घटना घडली, त्या विंचेस्टरच्या उदाहरणावर तें घांसून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विंचेस्टर कॉलेज हें नांवानें कॉलेज असलें तरी वस्तुतः ती मुलांची शाळा आहे. विंचेस्टरचा बिशप आणि इंग्लंडचा चॅन्सेलर विल्यम ऑफ विकहॅम यानें १३८२ सालीं तिची सनद काढली, व १३९४ सालीं मुलें नव्या इमारतींत राहावयास आलीं. सत्तर गरीब विद्यार्थी, त्यांना लॅटिन व्याकरण शिकविणारे शिक्षक, प्रार्थनामंदिरांत गाणारीं मुलें, आणि या सर्वांच्या वर एक वॉर्डन व दहा फेलो, अशी तिची रचना होती. हे फेलो शिक्षक नव्हते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेविली पाहिजे. ते धर्मोपाध्याय होते. संस्थेची मालमत्ता सांभाळावी, प्रार्थना चालवाव्या आणि तेथेंच राहावें, हें त्यांचें काम. येथून शिकून निघणाऱ्या मुलांसाठीं विकहॅमनें ऑक्सफर्ड येथें १३७९ सालींच न्यू कॉलेज स्थापिलें होतें. पुढें १४४० मध्यें सहाव्या हेन्री राजानें ईटन येथें शाळा काढली ती विंचेस्टरचाच नमुना डोळ्यांपुढें ठेवून, आणि विंचेस्टरचा मुख्याध्यापक विल्यम वेनफ्लीट यासही त्यानें तिकडे नेलें.

ग्रंथसंग्रह शाळेच्या आरंभकाळापासूनच होता. सहाव्या हेन्रीच्या कारकीर्दींत केलेली त्याची यादी उपलब्ध आहे. तो मुख्यतः लॅटिन संग्रह होता. धर्मशास्त्र, चर्चचा कायदा, प्रार्थनेचीं पुस्तकें हा त्याचा गाभा. परंतु तो होता कोणाचा? मालकी संस्थेची, आणि उपयोग फेलोंचा. आजही त्यास फेलोंचें ग्रंथालय असेंच म्हणतात, आणि या एका नांवांत त्याचा अर्धाअधिक इतिहास येऊन जातो. मुलांच्या वांट्यास व्याकरण आलें, आणि तेंही पुष्कळसें मुखोद्गत करावयाचें. हस्तलिखित ग्रंथ एवढे महाग होते कीं ते मुलांच्या हातीं देणें शक्यच नव्हतें, असें यावर कोणी म्हणेल. पंधराव्या शतकापुरतें तें म्हणणें आम्हांस मान्य आहे. पण मुद्रणकला आली, पुस्तकें स्वस्त झालीं, तीनशें वर्षें लोटलीं, तरी रीत बदलली नाहीं. तेव्हां तिचें कारण किंमतींत नसून अन्यत्र शोधलें पाहिजे.

शाळेच्या मठवजा ओसरींच्या मधोमध जॉन फ्रोमंड नांवाच्या कारभाऱ्यानें ठेविलेल्या द्रव्यांतून बांधलेलें एक लहानसें देवालय आहे. मृताच्या आत्म्यासाठीं तेथें नित्य प्रार्थना व्हावी हा त्याचा हेतु होता. सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतीनें अशा प्रार्थना बंद पाडल्या. १६२९ सालीं या रिकाम्या वास्तूंत ग्रंथभांडार आणून ठेवण्यांत आलें, आणि पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ तें तेथेंच राहिलें. जागा शांत आणि दगडी छताखालची, ग्रंथांस अत्यंत सुरक्षित. मृतांसाठीं बांधलेल्या या वास्तूंत ग्रंथांनाही तशीच विश्रांति मिळाली, असें म्हटल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

अठराव्या शतकांतील एका प्रसंगाकडे येथें वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. १७६६ पासून १७९३ पर्यंत विंचेस्टरचा मुख्याध्यापक जोसेफ वॉर्टन हा होता. पोपच्या काव्यावर परखड निबंध लिहिणारा टीकाकार म्हणून इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस तो परिचित आहे. त्याचा धाकटा भाऊ टॉमस हा इंग्रजी काव्याचा पहिला मोठा इतिहासकार. ऑक्सफर्डला सुटी लागली कीं टॉमस भावाकडे येई आणि शाळेंतील मुलांत मिसळून जाई. तो मुलांबरोबर चोरून स्वयंपाक करीत असतां मुख्याध्यापक आले, सारे पांगले, आणि अंधाऱ्या कोपऱ्यांतून ओढून काढलेला अपराधी आपलाच प्रौढ बंधु निघाला, अशी एक आख्यायिका आहे. आमच्या विषयाशीं संबंध एवढाच कीं हाच टॉमस वॉर्टन १७५४ मध्यें स्पेन्सरच्या महाकाव्यावर लिहितांना मॅलरीच्या आर्थर राजाच्या कथांकडे वळला होता, आणि स्पेन्सरनें त्यांतून काय काय घेतलें हें त्यानें दाखवून दिलें होतें. मॅलरीस ज्या काळांत कोणी विचारीत नव्हतें त्या काळांत त्याची योग्यता ओळखणारा हा मनुष्य वर्षानुवर्षें विंचेस्टरच्या ओसऱ्यांतून हिंडला. पुढें त्या शाळेंत जें सांपडलें तें त्या वेळीं तेथें असेल, तर तो त्याच्यापासून फार दूर नव्हता.

मुलांची स्थिति कशी होती याचा दाखला पुढच्या पिढींतील एका विद्यार्थ्याच्या लेखणींतून मिळतो. कादंबरीकार अँथनी ट्रोलप हा विंचेस्टरचा विद्यार्थी. तेथें वडील भावाचा मार खाऊन आणि दारिद्र्याची लाज सोसून त्यानें दिवस काढले. आत्मचरित्रांत त्यानें एका सुटीची हकीगत दिली आहे. लंडनमध्यें बापाच्या वकिलीच्या जुनाट खोल्यांत तो एकटा पडला होता आणि दोन रकान्यांत छापलेला शेक्सपिअर वाचीत होता. तो आवडीनें निवडला नव्हता. वाचावयास तेथें दुसरें कांहीं नव्हतें, इतकेंच. ज्या शाळेंत चार शतकांचा ग्रंथसंग्रह कुलपांत होता त्या शाळेचा मुलगा शेक्सपिअरशीं परिचित झाला तो बापाच्या धुळकट खोलींत! आम्ही स्वतः एका वसतिगृहाच्या शाळेंत शिकलों. तेथें कांचेचीं सहा कपाटें होतीं, त्यांत सोनेरी अक्षरांचीं पुस्तकें होतीं, आणि किल्ल्या एका शिक्षकांच्या जानव्यास असत. वर्षांतून एकदां तपासनीस येत तेव्हां कपाटें पुसलीं जात. त्यामुळें ट्रोलपची ही हकीगत आम्हांस विशेष लागली, हें कबूल करतों.

आतां मुख्य घटनेकडे येऊं. १९३४ सालीं वॉल्टर ओकशॉट हे विंचेस्टर येथें साहाय्यक शिक्षक होते आणि ग्रंथालयाचें कामही पाहत. त्यांना मध्ययुगीन पुस्तकबांधणीचा नाद होता. कांहीं हस्तलिखितें वॉर्डनच्या निजण्याच्या खोलींतील तिजोरींत ठेविलेलीं असत. तीं पाहण्याची त्यांनीं परवानगी मागितली. तिजोरी उघडली, आणि बांधणीच्या दृष्टीनें त्यांची निराशा झाली. एक जाडजूड कागदी पोथी तेवढी निराळी होती. आरंभीचीं पानें गेलेलीं, शेवटचीं गेलेलीं, विषय आर्थर राजाचा. ओकशॉट यांनीं ती चाळली आणि ठेवून दिली. कांहीं आठवड्यांनीं पाहुण्यांसाठीं जुन्या ग्रंथांचें प्रदर्शन मांडण्याची वेळ आली. त्या निमित्तानें टिपणें करतांना मॅलरीच्या ग्रंथाची एकही हस्तलिखित प्रत उपलब्ध नाहीं, कॅक्स्टननें छापलेला पाठ हाच एकमेव आधार, असें विधान त्यांच्या वाचनांत आलें. त्यांना तिजोरींतली ती पोथी आठवली. गांवांतल्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनीं मॅलरीची एव्हरीमन मालेंतील स्वस्त आवृत्ति विकत आणली, ती पोथीशेजारीं ठेविली, आणि ओळीमागून ओळ जुळूं लागली.

हा प्रसंग ओकशॉट यांनीं स्वतः पुढें लिहिला असून १९६३ मध्यें निघालेल्या मॅलरीविषयक निबंधसंग्रहांत तो वाचावयास मिळतो. आपण प्रथम पोथी ओळखली नाहीं, हें त्यांनीं लपविलें नाहीं, याबद्दल आमचा त्यांच्याविषयींचा आदर दुणावतो. परंतु बहुतेक लेखक ही गोष्ट दैवयोगाची चमत्कारकथा म्हणून सांगतात, आणि तेथें आम्हांस मतभेद दाखवावासा वाटतो. यांत दैवाचा भाग थोडा आहे. पोथी तिजोरींत होती तोंवर ती मॅलरीची नव्हतीच. नुसती एक जुनी पोथी होती. तिला मॅलरीची केली ती बाजारांत कोणासही मिळणाऱ्या छापील पुस्तकानें. दुर्मिळ ग्रंथ ओळखला गेला तो सुलभ ग्रंथाच्या साह्यानें. हें ज्यास पटेल तो शाळेच्या ग्रंथालयांत मोलाच्या वस्तूंपेक्षां वाचनाच्या प्रतींना अधिक मान देईल.

या शोधाचें महत्त्व काय, हें ज्यांनीं मॅलरी वाचला नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. वॉरिकशरमधील न्यूबोल्ड रेव्हेल येथला सर टॉमस मॅलरी, ज्याची हयात बरीचशी तुरुंगांत गेली, हाच या कथांचा कर्ता असें बहुतेक संशोधक मानतात. त्यानें ग्रंथ पुरा केला तो १४६९-७० च्या सुमारास, आणि १४७१ मध्यें तो वारला. कॅक्स्टननें ग्रंथ छापला ३१ जुलै १४८५ रोजीं. त्या छापील आवृत्तीच्याही दोनच प्रती आज उरल्या आहेत, एक न्यूयॉर्कला आणि एक, कांहीं पानें गेलेली, मँचेस्टरला. कॅक्स्टननें ग्रंथाचे एकवीस भाग पाडले, त्यांचीं पांचशेंहून अधिक प्रकरणें केलीं आणि सगळ्यास एक नांव दिलें. आम्हीं एम. ए. च्या वर्गांत असतांना पेंग्विनच्या दोन खंडांतून वाचला तो हाच मॅलरी. विंचेस्टरच्या पोथींत हे एकवीस भाग नाहींत. तेथें मोठमोठ्या कथा आहेत, आणि त्यांच्या अखेरीस लेखक स्वतः येऊन बोलतो. पहिल्या कथेच्या शेवटीं तर आपण बंदिवासांतील सरदार असल्याचें तो सांगतो, आणि कॅक्स्टनच्या छापील पाठांत हें वाक्य नाहीं. आर्थरच्या रोमवरील स्वारीची कथा पोथींत जवळजवळ दुप्पट लांब असून तिच्यांत जुन्या अनुप्रासयुक्त काव्याची धाटणी टिकलेली आहे. ती कापली कोणीं, कॅक्स्टननें कीं खुद्द मॅलरीनें, हा वाद अद्याप चालू आहे. विशेषनामें तांबड्या शाईनें लिहिलेलीं आहेत. पान उघडतांच लान्सेलॉट कोठें आहे हें डोळ्यांस दिसतें.

मँचेस्टरचे प्राध्यापक यूजीन व्हिनाव्हेर हे त्या वेळीं कॅक्स्टनच्या पाठावरून मॅलरीची आवृत्ति तयार करीत होते. ही पोथी निघाल्यानें त्यांना हातांतलें काम टाकून नव्यानें आरंभ करावा लागला. ओकशॉट यांना पोथी स्वतः संपादण्याचा मोह झाला नसेल असें नाहीं, पण त्यांनीं ती व्हिनाव्हेर यांच्या स्वाधीन केली. १९४७ मध्यें ऑक्सफर्डहून तीन खंड बाहेर पडले. हा एक ग्रंथ नसून आठ स्वतंत्र कथा आहेत, असा व्हिनाव्हेर यांचा सिद्धांत. आणि त्याविरुद्ध पुढें वीस वर्षें विद्वानांनीं लेखण्या झिजविल्या. आमचें मत विचाराल तर कथा आठ असल्या तरी दुःख एकच आहे, आणि शेवटच्या दोन कथा पहिल्या सहांवांचून वाचणारास अर्ध्यांतलें अर्धेंच हातीं लागेल. असो. तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

आणखी एक योग असा कीं मॅलरी कॅमेलॉट नगरी म्हणजेच विंचेस्टर असें मानतो. कॅक्स्टन आपल्या प्रस्तावनेंत आर्थरच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून विंचेस्टरच्या गोलमेजाचा उल्लेख करतो. ती मेज तेथील किल्ल्याच्या दिवाणखान्यांत अजून भिंतीवर टांगलेली आहे. ती तेराव्या शतकांतली, आर्थरची नव्हे. परंतु आर्थरची पोथी आर्थरच्याच राजधानींत शिक्षकाच्या हातीं यावी, याची गंमत कोणत्या वाचकास वाटणार नाहीं?

येथें आमच्याविरुद्ध एक बळकट आक्षेप येतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ग्रंथ कुलपांत होता म्हणूनच वांचला. पोरांच्या हातीं गेला असता तर त्याच्या होड्या झाल्या असत्या! ईटनचें उदाहरणही या आक्षेपास पोषक आहे. इंग्रजींतील आद्य सुखात्मिकांपैकीं राल्फ रॉइस्टर डॉइस्टर हें नाटक. त्याची जगांतील एकमेव छापील प्रत १८१८ मध्यें टॉमस ब्रिग्ज नांवाच्या एका धर्मोपाध्यायास मिळाली आणि त्यानें ती आपल्या जुन्या शाळेस, म्हणजे ईटनला, दिली. मुखपृष्ठ नव्हतें, कर्त्याचें नांव ठाऊक नव्हतें. पुढें कॉलियर या संशोधकानें टॉमस विल्सनच्या सोळाव्या शतकांतील तर्कशास्त्रावरील पुस्तकांत या नाटकांतलें एक पत्र उदाहरणादाखल घेतलेलें पाहिलें. विरामचिन्हें फिरविलीं कीं अर्थ उलटतो असें तें पत्र होतें, आणि तें निकोलस युडॉलचें असल्याचें विल्सननें नमूद केलें होतें. हा युडॉल १५३४ ते १५४१ पर्यंत ईटनचाच मुख्याध्यापक! मास्तरांचें नाटक अडीचशेंहून अधिक वर्षांनीं अजाणतां मास्तरांच्याच शाळेंत परत आलें आणि तेथें सुखरूप राहिलें.

आपल्याकडेही महानुभावांचे ग्रंथ मठांतून गुप्त लिपींत राहिले म्हणून लीळाचरित्राचें गद्य आपल्यापर्यंत पोंचलें. तीच गुप्तता शतकानुशतकें मराठी वाचकास त्या गद्यापासून वंचित करीत होती. तेव्हां गुप्ततेनें ग्रंथ वांचतो हें आम्ही नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं वांचणें हा निम्माच व्यवहार झाला. विल्सनचें पुस्तक कोणीं वाचलें नसतें तर ईटनची प्रत अद्याप निनांवी असती. महानुभावांची लिपी उकलण्याचे परिश्रम झाले नसते तर लीळाचरित्र लाल फडक्यांतच राहिलें असतें. रक्षण करणारास श्रेय द्यावें. पण इतिहास लिहितांना सगळें श्रेय त्यासच देऊं नये.

१९७६ सालीं विंचेस्टरनें मॅलरीची पोथी ब्रिटिश लायब्ररीस दीड लाख पौंडांस विकली. या विक्रीबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. शाळेनें आपला वारसा विकला, पैशापुढें परंपरा हरली, अशी त्यांची भाषा असते. आम्ही हा प्रश्न दोन्ही बाजूंनीं तोलून पाहिला, आणि विक्री योग्य झाली असें आमचें मत बनलें आहे. कारण पुढची हकीगत. पोथी लंडनला गेल्यावर दुसऱ्याच वर्षीं लॉट हेलिंगा या विदुषींना तिच्या पानांवर छापखान्याच्या शाईचे अंधुक डाग आढळले. बारकाईनें तपासतां ते उलटीं उमटलेलीं अक्षरें निघालीं, आणि तीं अक्षरें कॅक्स्टनच्या टंकांचीं! म्हणजे मॅलरीचा ग्रंथ छापला जाण्यापूर्वींच ही पोथी कॅक्स्टनच्या छापखान्यांत, ओल्या कागदांच्या शेजारीं, पडलेली होती. एका फाटलेल्या पानास लावलेलें ठिगळ पाहिलें तर तें कॅक्स्टननेंच १४८९ मध्यें छापलेल्या पापक्षालनपत्राचा तुकडा. हे डाग वॉर्डनच्या तिजोरींतही होते. पण ते वाचणारी दृष्टि आणि त्यासाठीं लागणारीं साधनें तिजोरीच्या आसपास नव्हतीं. त्याच १९७६ सालीं पोथीची हुबेहूब प्रतिकृति छापून निघाली, पुढें प्रत्येक पानाचीं छायाचित्रें अभ्यासकांसाठीं खुलीं झालीं, आणि २०१३ मध्यें फील्ड यांची दोन खंडांची नवी आवृत्ति प्रसिद्ध झाली. पोथी शाळेंत राहिली असती तर यांतील कांहींच झालें नसतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण इतक्या त्वरेनें झालें नसतें.

राहतां राहिला तो मुलांचा प्रश्न. १८६८ च्या पब्लिक स्कूल्स कायद्यानें जुन्या फेलोंची सद्दी संपविली. त्यापूर्वीं एकतीस वर्षें मुख्याध्यापक असलेल्या जॉर्ज मोबर्लीच्या नांवानें मुलांसाठीं स्वतंत्र ग्रंथालय झालें. विसाव्या शतकांत, १९३० नंतरच्या दशकांत, त्यास शाळेंतच नवी जागा मिळाली. हर्बर्ट बेकर या वास्तुशिल्पज्ञानें त्यासाठीं शाळेची जुनी भट्टी दुरुस्त करून दिली. विकहॅमच्या काळापासून मुलें पाण्याऐवजीं हलकी बीअर पीत, आणि ती या भट्टींत तयार होई. फेलोंच्या ग्रंथांना देवालय मिळालें आणि मुलांच्या ग्रंथांना भट्टी. दोन्हींतून निवड करावयाची झाली तर आम्ही भट्टीच पत्करूं. तेथें निदान पूर्वींपासून रोज जा-ये होती.